बोर्डावर पीडब्ल्यूएम येत नाही? पिनपासून मागे मागे शोधत जा

गौरी बसायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. ऐरोलीच्या आमच्या घरात मखरापुढे एलईडीच्या दोन समया होत्या, आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या ९ आणि १० नंबरच्या पिनवर. आठवडाभर त्या छान मंद-तेज होत होत्या. हे करायची युक्ती म्हणजे पीडब्ल्यूएम: पिन झपाट्याने चालू-बंद करायची आणि त्यातला किती वेळ चालू ते ठरवायचं. त्या रात्री मला हौस आली आणि मी एक छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी) जोडली, मूर्तीवर चवरी ढाळायला. चवरी झकास हलू लागली आणि समयांची ज्योत थिजली. आत्या म्हणाली, "अगं, चवरी आली आणि दिव्यांचा जीव गेला की!" मी दोन वाजेपर्यंत जागून कोड तीनदा नव्याने लिहिला, एलईडी बदलले, शेवटी बोर्डसुद्धा बदलला. कारण एका ओळीत होतं. ते पायरी ४ मध्ये सांगते.

त्यानंतर मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात कंट्रोल बोर्ड तपासायला लागले. संध्याकाळी आसपासची डिप्लोमाची मुलं-मुली अडकलेले प्रोजेक्ट घेऊन घरी येतात. "ताई, पीडब्ल्यूएम येत नाही" ही तक्रार घेऊन आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी कोड उघडून दाखवतो. मी त्याच्या हातात मल्टिमीटर देते. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिलंय. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.

एवढं डोक्यात असू द्या. चिपच्या आत एक टायमर असतो. तो ० पासून एका ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजतो आणि पुन्हा ० वर येतो. मोजणी तुम्ही दिलेल्या आकड्याच्या खाली असेपर्यंत पिन चालू, वर गेली की बंद. या चालू-बंदचा निकाल चिपच्या आतून पिनपर्यंत जातो, पिनवरून वायरने एलईडीपर्यंत किंवा मोटरपर्यंत. म्हणजे टायमर, आकडा, पिन आणि वायर अशी साखळी आहे. ती कुठे तुटली ते शोधायचं, आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी त्या रात्री एकदम चार बदलत होते, म्हणून दोन वाजले.

आधी हे जवळ घ्या

- डिजिटल मल्टिमीटर. काही शे रुपयांचा साधा चालेल.
- एक एलईडी आणि २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर.
- चार-पाच जंपर वायर. प्रत्येक वायर मल्टिमीटरच्या बझरवर तपासून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात पडून राहिलेल्या जंपरच्या टोकांवर हिरवट थर चढतो. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आवरणाच्या आत तुटलेली असते ती वेगळीच.
- डेटा वाहणारी यूएसबी केबल.
- तीन कागद, म्हणजे पीडीएफ: बोर्डाचा पिनआउट (कुठली पिन कशाची ते दाखवणारं चित्र), चिपची डेटाशीट आणि बोर्डाचं सर्किट डायग्राम. तिसरा कागद लोक घेतच नाहीत, आणि पायरी ३ मध्ये तोच उपयोगी पडतो.
- जमलं तर आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर (पिनचं चालू-बंद टिपणारं यंत्र) आणि लॅपटॉपवर पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर. कॉलेजच्या लॅबमध्ये सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, असेल तर उत्तमच.

सामानासाठी लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ऐरोलीकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठावं, तिथून दादर, आणि दादरला पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. आणि वायर घ्यायच्याच तर पुरेशा घ्या. एका जंपरसाठी पुन्हा दादरचा पूल चढावा लागला तर अंगावर येतं.

पायरी १: बोर्ड तुमचं ऐकतोय ना?

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. बोर्डावरचा दिवा लुकलुकवणारा साधा प्रोग्रॅम टाका. मग त्यातला वेळ बदला, म्हणजे एक सेकंदाऐवजी पाव सेकंद करा, आणि पुन्हा टाका. लुकलुक बदलली तर केबल, पोर्ट, ड्रायव्हर आणि अपलोड सगळं ठीक आहे.

वेळ बदलूनच का बघायचं? बऱ्याच नव्या बोर्डांत लुकलुकीचा प्रोग्रॅम आधीच भरलेला असतो. तुमचं अपलोड फसलेलं असतं, दिवा जुन्याच प्रोग्रॅमवर लुकलुकतो, आणि तुम्ही "बोर्ड चालू आहे" म्हणत पुढे जाता. पोर्टच दिसत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे का ते आधी बघा, मग सीएच३४० चा (स्वस्त बोर्डांवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर.

पायरी २: पिनवर मोजा, आणि पंचवीस टक्क्यांवर मोजा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

पिनला जोडलेलं सगळं काढून टाका. एलईडी, ट्रान्झिस्टर, मोटर ड्रायव्हर काही नको. पिन मोकळी. प्रोग्रॅममध्ये ड्यूटी सायकल, म्हणजे एका फेरीत पिन चालू राहण्याचा वाटा, २५ टक्के ठेवा, कायमची. मंद-तेज, पोटेन्शिओमीटर, सेन्सर काही नको. ऊनोवर अ‍ॅनालॉगराइटला, म्हणजे पीडब्ल्यूएमचा ० ते २५५ मधला आकडा घेणाऱ्या फंक्शनला, ६४ द्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला (जीएनडी पिनला) आणि लाल प्रोब थेट पिनच्या धातूला. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला मोजू नका.

मल्टिमीटर चालू-बंदची सरासरी दाखवतो. ५ व्होल्टच्या बोर्डावर २५ टक्के म्हणजे साधारण १.२५ व्होल्ट, ३.३ व्होल्टच्या बोर्डावर साधारण ०.८.

पन्नास टक्के का नको? पन्नास टक्क्यांवर सुलटा आणि उलटा सिग्नल सारखाच दिसतो, दोन्हीकडे निम्मे व्होल्ट. पंचवीसवर प्रत्येक चूक वेगळा आकडा दाखवते:

- १.२५ किंवा ०.८ च्या आसपास: पीडब्ल्यूएम येतोय. सरळ पायरी ८ वर जा, तुमचा घोळ बाहेर आहे.
- शून्य: टायमर सुरू नाही, आकडा शून्य जातोय, किंवा पिन टायमरला जोडलेलीच नाही. पायरी ३ पासून पुढे.
- पूर्ण व्होल्ट: आकडा टायमरच्या कमाल मर्यादेबाहेर गेलाय, किंवा कोडमध्ये कुठेतरी ती पिन थेट हाय केली आहे.
- पाऊण, म्हणजे ३.७५ किंवा २.५ च्या जवळ: पोलॅरिटी उलटी आहे. सिग्नल आहे, फक्त चालूच्या जागी बंद.
- हात जवळ नेला की डोलणारा आकडा: पिन आउटपुट झालेलीच नाही, हवेत लटकते आहे.

पिन ब्लू पिलसारख्या (एसटीएम३२ चिपच्या) बोर्डाची असेल तर मोजताना हेडरकडे, म्हणजे पिनांच्या पट्टीकडे, नीट बघा. ते हेडर बहुतेक वेळा सुटे येतात आणि मुलं ते नुसते भोकात बसवून ब्रेडबोर्डवर दाबतात. कोपऱ्यातून दाबलं की पीडब्ल्यूएम येतो, सोडलं की जातो. हा "लूज कॉन्टॅक्ट" नव्हे, तिथे सोल्डरच नसतं.

या पायरीवरचा एक सापळा फार गमतीचा आहे. मल्टिमीटर नाही म्हणून काही जण त्याच पिनवर डिजिटलरीड (पिन चालू की बंद ते वाचणारं फंक्शन) करून सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेलं दाखवणाऱ्या खिडकीत, "बघतात". ऊनोच्या कोअरमध्ये (आर्डुइनोच्या मूळ कोडमध्ये) डिजिटलरीड त्या पिनचा पीडब्ल्यूएम आधी बंद करतं आणि मग वाचतं. म्हणजे तपासणीच रोग्याचा जीव घेते. डिजिटलराइटही तेच करतं. कोडमध्ये त्या पिनचा नंबर शोधा आणि दोन्हीपैकी काही सापडलं तर काढा.

मल्टिमीटर नसेलच तर मोबाइल घ्या. पिनवर रेझिस्टरसह एलईडी लावा, खोलीतला दिवा घालवा आणि कॅमेरा एलईडीच्या इतका जवळ न्या की पडदाभर उजेड पसरेल. पीडब्ल्यूएम असेल तर बहुतेक फोनांवर आडवे पट्टे सरकताना दिसतात.

पायरी ३: ही पिन पीडब्ल्यूएमची आहे का?

बोर्डावर वीस-तीस पिन दिसतात, पण प्रत्येक पिनच्या मागे टायमर नसतो.

ऊनो आणि नॅनो: फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११. ऊनोवर या आकड्यांशेजारी नागमोडी खूण छापलेली असते. दुसऱ्या कुठल्याही पिनवर अ‍ॅनालॉगराइट केलं तर एरर येत नाही. १२७ पर्यंतचा आकडा दिला तर पिन बंद, १२८ पासून पूर्ण चालू, एवढंच होतं. पिन ७ वर २०० देऊन "दिवा लागला, पण मंद होत नाही" म्हणणारे या सापळ्यात असतात. आर्डुइनो मेगावर २ ते १३ आणि ४४ ते ४६ चालतात.

ब्लू पिल, म्हणजे एसटीएम३२एफ१०३: बोर्डावरचा दिवा पीसी१३ वर आहे आणि त्या पिनला टायमरचा चॅनल (टायमरपासून पिनकडे येणारी वाट) नाही. नवखी मुलं नेमकं तिथूनच सुरू करतात, कारण दिवा आयता असतो. पीए०, पीए६ किंवा पीए८ वर बाहेरून एलईडी लावा. पीए१५, पीबी३ आणि पीबी४ या पिन रीसेटनंतर जेटॅगच्या (चिप तपासायच्या जोडणीच्या) ताब्यात असतात. त्या हव्या असतील तर जेटॅग बंद करून एसडब्ल्यूडी (तशीच दोन वायरींची जोडणी, जिच्यातून अपलोडही होतं) तेवढं ठेवा. एसडब्ल्यूडीही बंद केलंत तर पुढचं अपलोड करताना रडाल.

न्यूक्लिओ-६४, हाही एसटीएम३२ चाच बोर्ड: एफ४०१ च्या बोर्डावरचा हिरवा दिवा पीए५ वर आहे आणि तिथे टायमर २ चा पहिला चॅनल येतो, त्यामुळे तपासायला सोयीचा. पण पीए२ आणि पीए३ पासून सांभाळा. या दोन पिना बोर्डावरच्या एसटी-लिंकच्या (अपलोड करणाऱ्या भागाच्या) सीरियलला जोडलेल्या असतात, आणि डी० व डी१ लिहिलेल्या सॉकेटपर्यंत मूळ स्थितीत पोचतच नाहीत. मध्ये सोल्डर ब्रिज, म्हणजे सोल्डरने जोडायच्या फटी, उघडे असतात. चिप पीडब्ल्यूएम देते, सॉकेटवर शून्य. हे पिनआउटच्या रंगीत चित्रात दिसत नाही, सर्किट डायग्राममध्ये दिसतं. मी यात अख्खा शनिवार घालवलाय.

ईएसपी३२: ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत, त्यांवर काहीही बाहेर येणार नाही. ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. बाकीच्या बहुतेक पिनांवर पीडब्ल्यूएम नेता येतो.

रास्पबेरी पाय पिको: साध्या पिकोचा दिवा २५ नंबरवर आहे आणि तो मंद-तेज होतो. पिको डब्ल्यूचा दिवा वायरलेस चिपला जोडलेला आहे, त्यामुळे तोच प्रोग्रॅम तिथे गप्प बसतो. बोर्ड बिघडलेला नाही, बाहेर एलईडी लावा.

पायरी ४: तुमचा टायमर दुसऱ्या कुणी घेतलाय का?

आता चवरीची गोष्ट. ऊनोत तीन टायमर आहेत. टायमर ० कडे पिन ५ व ६, टायमर १ कडे ९ व १०, टायमर २ कडे ३ व ११. सर्व्होची लायब्ररी टायमर १ स्वतःकडे घेते. मग सर्व्हो कुठल्याही पिनवर असो, ९ आणि १० वरचा पीडब्ल्यूएम गेला. माझी सर्व्हो ७ वर होती, म्हणून मला शंकाच आली नाही. समया ९ आणि १० वर आहेत, सर्व्हो ७ वर, दोघांचा संबंध काय? सकाळी समया ५ आणि ६ वर नेल्या, कोडमधले दोन आकडे बदलले. चहा उकळायच्या आत काम झालं.

अशी आणखी काही गिऱ्हाइकं आहेत. बझर वाजवणारं टोन हे फंक्शन टायमर २ घेतं, म्हणून ३ आणि ११ वर गडबड होते. एसडी कार्ड किंवा स्क्रीनसाठी एसपीआय ही डेटाची जोडणी सुरू केलीत की ११ ही पिन डेटासाठी जाते आणि १० सुद्धा त्याच कामात अडकते. टायमर ० वर मिलिस आणि डिले ही वेळेची फंक्शनं चालतात. ५ आणि ६ ची फ्रिक्वेन्सी वाढवायला कुणी त्याचा प्रीस्केलर (घड्याळ भागून मंद करणारा आकडा) बदलला तर सगळ्या प्रोग्रॅमची वेळ चुकते.

पिकोवर प्रकार थोडा निराळा. तिथे पीडब्ल्यूएमचे आठ स्लाइस, म्हणजे टायमरासारखे भाग, आणि प्रत्येकी दोन चॅनल आहेत. ० आणि १ या पिना एकाच स्लाइसच्या, म्हणून दोघींची फ्रिक्वेन्सी एकच. ० वर सर्व्होसाठी ५० हर्ट्झ लावले की १ वरचा एलईडीही ५० हर्ट्झवर फडफडतो. ० आणि १६ तर एकाच चॅनलवर आहेत, दोन्हीकडे वेगळी ड्यूटी मिळणारच नाही.

तपासायची रीत: फक्त पीडब्ल्यूएमच्या दोन-तीन ओळींचा कोरा प्रोग्रॅम लिहा. तो चालला तर तुमच्या मोठ्या प्रोग्रॅममधल्या लायब्रऱ्या एकेक करून परत जोडत जा. ज्या लायब्ररीनंतर बंद पडेल तीच चोर.

पायरी ५: एसटीएम३२ वाल्यांसाठी, कारण इथे सगळं आपल्यालाच करावं लागतं

ऊनोवर एक अ‍ॅनालॉगराइट पुरतं. एसटीएम३२ वर क्यूबएमएक्स या कोड बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरने कोड बनवला तरी चार दारं उघडावी लागतात आणि एक जरी बंद राहिलं तरी पिनवर शून्य. माझ्याकडे येणाऱ्या एसटीएम३२ च्या तक्रारी बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सुटतात.

पहिलं, स्टार्ट. क्यूबएमएक्स टायमरची मांडणी करून देतं, सुरू करून देत नाही. इनिट फंक्शनांच्या खाली, यूजर कोडच्या दोन खुणांच्या मध्ये, हॅलचं (एसटीच्या तयार लायब्ररीचं) पीडब्ल्यूएम-स्टार्ट फंक्शन तुम्हाला लिहायचंय, योग्य टायमर आणि योग्य चॅनल देऊन. नुसतं बेस-स्टार्ट लिहिलंत तर टायमर मोजतो, पण पिनवर काही सोडत नाही. खुणांच्या बाहेर लिहिलंत तर पुढच्या वेळी कोड बनवताना तुमची ओळ पुसली जाते. "काल चालत होतं ताई" याचं उत्तर कितीदा तरी हेच असतं.

दुसरं, पल्स. क्यूबएमएक्समध्ये चॅनलच्या पल्सची (ज्या आकड्याखाली पिन चालू असते त्याची) मूळ किंमत ० असते. टायमर सुरू, पिन जोडलेली, आणि ड्यूटी शून्य टक्के! पीरियड, म्हणजे मोजणीचा शेवटचा आकडा, ९९९ असेल तर पल्स २५० ठेवा.

तिसरं, पिनचा मोड. ती ऑल्टरनेट फंक्शन पुश-पुल, म्हणजे टायमरच्या हाती दिलेली, हवी, साधी आउटपुट नको. एफ४ घराण्यात ऑल्टरनेट फंक्शनचा नंबरही जुळायला हवा. टायमर १ आणि २ साठी एएफ१, टायमर ३ ते ५ साठी एएफ२.

चौथं, फक्त टायमर १ सारख्या अ‍ॅडव्हान्स्ड टायमरांचं. त्यांच्या आउटपुटवर एमओई नावाचं एक मुख्य कुलूप असतं. हॅलचं स्टार्ट फंक्शन ते उघडतं. थेट रजिस्टर (चिपच्या आतली सेटिंगची घरं) लिहिणाऱ्यांनी ते बीडीटीआर रजिस्टरमध्ये हाताने उघडायचं. ब्रेक इनपुट (धोक्याच्या वेळी आउटपुट तोडणारी पिन) चालू ठेवलं असेल आणि ती पिन हवेत असेल तर कुलूप पुन्हा आपोआप लागतं. आणि तुमचा सिग्नल सीएच१एन सारख्या पूरक (मूळच्या उलट चालणाऱ्या) चॅनलवर असेल तर त्याचं स्टार्ट फंक्शनही वेगळं आहे, नावात एक जादा एन असलेलं.

चारही बघितली तरी शून्य? मग डीबगरमध्ये प्रोग्रॅम चालवा, थांबवा आणि टायमरची रजिस्टरं उघडा. या क्रमाने:

- सीएनटी (चालू मोजणी): चालवून पुन्हा थांबवलं की आकडा बदलतोय का? नसेल तर टायमरचं घड्याळ बंद आहे किंवा टायमर सुरू नाही. सगळीच रजिस्टरं शून्य दिसत असतील तर आरसीसीमध्ये (घड्याळ वाटणाऱ्या भागात) घड्याळच दिलेलं नाही.
- एआरआर (पीरियड): शून्य नको.
- सीसीआर (पल्स): शून्याहून मोठा आणि एआरआरहून लहान. एआरआरच्या पुढे गेला की पिन कायम हाय.
- सीसीईआर (चॅनल चालू-बंद करणारं): तुमच्या चॅनलचा बिट १ हवा.

हे सगळं बरोबर आणि पिनवर शून्य, तर पिनच्या मोडकडे किंवा पायरी ३ मधल्या सोल्डर ब्रिजकडे परत जा.

फ्रिक्वेन्सी भलतीच येत असेल तर घड्याळ तपासा. ७२ मेगाहर्ट्झवर प्रीस्केलर ७१ आणि पीरियड ९९९ दिला की १ किलोहर्ट्झ मिळतो, कारण दोन्ही आकड्यांत एक मिळवून भागायचं असतं. त्याऐवजी साधारण १११ हर्ट्झ दिसले तर चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालते आहे, क्रिस्टलवर गेलेलीच नाही.

पायरी ६: ईएसपी३२ आणि जुन्या व्हिडिओंची भानगड

आर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअरची आवृत्ती ३ आली आणि पीडब्ल्यूएमची फंक्शनं बदलली. पूर्वी एलईडीसी-सेटअपने चॅनल मांडायचा, एलईडीसी-अटॅचपिनने पिन जोडायची आणि एलईडीसी-राइटला चॅनलचा नंबर द्यायचा. आता एलईडीसी-अटॅच एकटंच दोन्ही कामं करतं आणि एलईडीसी-राइटला पिनचा नंबर लागतो.

जुना कोड जसाच्या तसा टाकला तर कंपाइल होत नाही, म्हणजे निदान कळतं तरी. खरा सापळा अर्धवट दुरुस्तीत आहे. लोक पहिल्या दोन ओळी बदलतात आणि राइटमध्ये जुना चॅनल ० तसाच ठेवतात. कंपाइल होतं, अपलोड होतं, पिन मात्र गप्प.

दुसरी मर्यादा गुणाकाराची. फ्रिक्वेन्सी गुणिले रेझोल्यूशनच्या पायऱ्या (२ चा बिटांइतका घात) ८० मेगाहर्ट्झच्या आत हव्यात. ५ किलोहर्ट्झला १३ बिट चालतात, १४ बिट चालत नाहीत.

पायरी ७: आकडेमोड तपासा

घणसोलीचा एक मुलगा पंख्याचा वेग टक्क्यांत बदलणारा प्रोजेक्ट घेऊन आला होता. पंखा ९९ टक्क्यांपर्यंत ढिम्म आणि १०० वर एकदम सुसाट. ओळ अशी होती: टक्के / १०० * २५५. पूर्णांकांच्या भागाकारात ५० भागिले १०० म्हणजे शून्य, आणि शून्याला २५५ ने गुणून शून्यच. आधी गुणा, मग भागा.

आणि आधी गुणतानाही ऊनोवर जपा. तिथला इंट (पूर्णांकाचा साधा प्रकार) ३२७६७ पर्यंतच जातो. टक्के गुणिले २५५ त्यात बसतं, पण पोटेन्शिओमीटरचं १०२३ गुणिले २५५ बसत नाही. लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) घ्या, किंवा सरळ ४ ने भागा. काहीच न करता ० ते १०२३ चा आकडा थेट अ‍ॅनालॉगराइटला दिलात तर ३, ५, ६ आणि ११ वर एलईडी एका फेऱ्यात चारदा उजळतो-विझतो.

पिकोवर मायक्रोपायथॉनमध्ये ड्यूटी ६५५३५ पर्यंत असते. ऊनोच्या सवयीने २५५ दिलंत तर अर्धा टक्कासुद्धा होत नाही.

पायरी ८: पिनवर येतोय, पण पुढे काही होत नाही

ग्राउंड. मोटरला किंवा सर्व्होला वेगळा सप्लाय दिला असेल तर त्याचं ग्राउंड आणि बोर्डाचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. पॉझिटिव्ह जोडू नका, ग्राउंड जोडा.

एल२९८एन मोटर ड्रायव्हरवर ईएनए पिनवर काळी जंपर टोपी असते. ती असेपर्यंत एनेबल कायम ५ व्होल्टला. टोपी काढा आणि पीडब्ल्यूएम ईएनएला द्या.

ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ च्या ३.३ व्होल्टवर आयआरएफझेड४४एन मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) नीट उघडत नाही. त्याचा थ्रेशोल्डच (उघडायला लागायचं व्होल्टेज) २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असतो, त्यामुळे एकाचं चालतं आणि त्याच दुकानातून आणलेल्या दुसऱ्याचं नाही. लॉजिक लेव्हल (कमी व्होल्टवर नीट उघडणारा) मॉसफेट मागा.

सर्व्होला ऊनोचा ४९० हर्ट्झचा अ‍ॅनालॉगराइट देऊ नका. तिला ५० हर्ट्झ हवेत, २० मिलिसेकंदांत साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स. मल्टिमीटरवर ते फार कमी दिसतं, ५ व्होल्टला मधल्या स्थितीत ०.४ च्याही आत. त्याला "येत नाही" समजू नका.

पायरी ९: पिन जळाली तर नाही?

हा संशय सगळ्यात शेवटी, कारण तो फार क्वचित खरा ठरतो. पिन मोकळी ठेवून साधं डिजिटल हाय करा आणि मोजा, मग लो करा आणि मोजा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर पिन गेली. बोर्ड फेकू नका, दुसरी पिन वापरा. ऊनोच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि २० च्या आतच राहावं. मोटर थेट पिनला जोडली होती का, हे स्वतःला खरं खरं विचारा.

तरी अडलंच तर

कुणालाही विचारायला जाताना चार गोष्टी सोबत न्या: बोर्डाचं पूर्ण नाव, पिनचा नंबर, पंचवीस टक्क्यांवर मल्टिमीटरने दाखवलेला आकडा आणि पायरी ४ मधला कोरा प्रोग्रॅम. शिवाय जोडणीचा वरून काढलेला एक फोटो, ज्यात ग्राउंडच्या वायरची दोन्ही टोकं दिसतील. मध्यंतरी कोपरीच्या एका मुलीने असा फोटो पाठवला. कोड बरोबर, पिनवर ०.८२ व्होल्ट, एलईडी बंद. तिच्या लांब ब्रेडबोर्डची निळी पट्टी मधोमध तुटक छापलेली होती. बोर्डाचं ग्राउंड डाव्या अर्ध्यात होतं, एलईडीचं उजव्या. मी एवढंच लिहिलं: मधल्या फटीवर एक जंपर टाक. दोन मिनिटांनी तिचा व्हिडिओ आला, दिवा मंद जळत होता, बरोबर पाव उजेडाने.